डबा, वही आणि नदीचा उतार
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपल्याकडे कोणी आहारावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर, कोणी बचतीवर. ह्या खेपेस चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले की, मी एका खेळावर बोलणार आहे. त्या जरा हसल्या. खेळ म्हणजे मुलांचे काम, अशी आपली समजूत असते. पण हा खेळ असा आहे की, त्यासाठी घराबाहेर पडावे लागते, ऊन्हातून चालावे लागते, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलावे लागतात, आणि आपण ज्या जिल्ह्यात राहतो त्याची थोडीफार माहिती करून घ्यावी लागते. ह्यांतली कोणती गोष्ट आपल्याला नको आहे, हे आपणच ठरवा.

खेळाचे नाव जिओकॅशिंग. नावाला बुजून जाऊ नका. एकाने एक डबा कुठेतरी लपवावयाचा, त्या जागेचा ठावठिकाणा आकड्यांत लिहून जाहीर करावयाचा, आणि इतरांनी ते आकडे घेऊन डबा शोधून काढावयाचा, एवढाच हा खेळ. डब्यात एक वही असते. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत नाव आणि तारीख लिहावी आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवून द्यावा. काही डब्यांत लहानसहान वस्तूही असतात. त्यांतली एखादी घ्यावयाची असेल तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी वस्तू ठेवावी लागते. आणि एक नियम फार महत्त्वाचा आहे. डबा जमिनीत पुरावयाचा नाही. दगडाआड, झाडाच्या ढोलीत, पुलाच्या कठड्याखाली ठेवावा, पण कुदळ-फावड्याला ह्या खेळात जागा नाही.

आता हे आकडे कुठले? आपल्या फोनमध्ये नकाशा असतो, तो आपण कुठे उभे आहोत हे सांगतो. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून तो ते ओळखतो. अमेरिकेने सोडलेल्या ह्या उपग्रहांचे संदेश सामान्य लोकांना पूर्वी मुद्दाम अस्पष्ट करून मिळत. शंभर मीटरपर्यंत चूक होई. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ते बंधन उठले, आणि लगेच ३ मे रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर ह्या गृहस्थाने रानात एक डबा ठेवून त्याचे आकडे जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला. आज जगात तीस लाखांहून अधिक असे डबे आहेत.

त्या आकड्यांचीही भीती नको. पहिला आकडा आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला आहोत ते सांगतो, दुसरा ग्रिनिचच्या किती पूर्वेला आहोत ते सांगतो. आपले जालना शहर उत्तरेला साधारण १९ अंश ५० कला आणि पूर्वेला ७५ अंश ५३ कला ह्या ठिकाणी आहे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. ज्या बाईला पंचांग पाहता येते तिला हे अवघड नाही.

उपग्रह नवे, पण खेळाची हौस जुनी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर म्हणून एक ओसाड, दलदलीचा माळ आहे. तिथे क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवळणाच्या जागी १८५४ साली जेम्स पेरट ह्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. एवढ्या अवघड जागी जो पोहोचेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, अशी प्रथा पडली. पुढे तशा पेट्या जागोजाग झाल्या. आजही तिकडची कुटुंबे सुटीच्या दिवशी पायांत जाड बूट घालून, डबा शोधत शोधत शेतांच्या कडेने, जुन्या चर्चच्या आवारावरून, पडक्या गिरण्यांवरून चालतात. डबा ठेवणारा डब्याबरोबर त्या जागेची हकीकतही लिहितो. त्यामुळे डबा शोधता शोधता गावाचा इतिहास कानावर पडतो.

हे वाचल्यावर माझ्या मनात आले की, चालावयास जमीन आपल्याकडेही आहे आणि इतिहास तर त्यांच्याहून जुना आहे. मग आपण का खेळू नये? गेल्या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, मंडळाच्या अकरा जणी निघालो, त्याची हकीकत आता सांगते.

आठ दिवस आधी आपल्यातल्या दोन सुना आणि कॉलेजात जाणाऱ्या तीन मुली पुढे जाऊन आल्या होत्या. त्यांनी शेतमालकांना विचारले, परवानगी घेतली, आणि चार पत्र्याचे डबे चार ठिकाणी ठेवले. प्रत्येक डब्यात वही, पेन्सिल आणि एक प्रश्न. प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या डब्याचे आकडे द्यावयाचे नाहीत, असा त्यांनी आपल्या पदरचा नियम केला होता.

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला गेलो. राजूरला गणपतीचे दर्शन घेतले, ते वेगळे सांगावयास नको. पहिला डबा भोकरदनला, गावाबाहेर एका बाभळीच्या बेचक्यात होता. फोन आपल्याला पाच-दहा मीटरपर्यंत आणून सोडतो. त्यापुढे डोळेच लागतात. तीन वेळा त्या बाभळीवरून गेलो तरी दिसेना. शेवटी साठी उलटलेल्या काकूंनी तो पाहिला. त्या म्हणाल्या, “पन्नास वर्षं डाळीतले खडे वेचले, हा एवढा डबा दिसायचा नाही होय?”

डब्यातला प्रश्न होता : “आपल्या घराच्या माळवदावर कोणती माती?” उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिले, पांढरी. ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात गेले त्यांना आठवत असेल, पावसाळ्याआधी पांढरी माती आणून माळवदावर पसरावी लागे, म्हणजे घर गळत नसे. ही माती काळ्या रानात मिळत नाही. जिथे पूर्वी वस्ती होती, शेकडो वर्षे चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख साचली, तिथे जी टेकाडे झाली त्यांची माती पांढरी. म्हणून तर शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. आपल्या आज्या-पणज्या डोक्यावर टोपल्या घेऊन जी माती आणीत ती जुन्या घरांची माती होती. तिच्यात मणी सापडत, बांगडीचे तुकडे सापडत, आणि मुली ते खेळावयास घेत.

भोकरदन ही अशीच फार जुनी पांढरी आहे. सातवाहनांच्या काळी ह्या गावाचे नाव भोगवर्धन होते. मध्यप्रदेशात सांचीचा स्तूप आहे, त्याला ज्यांनी दान दिले त्यांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनचे दातेही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या केळणा नदीकाठचे लोक तिथवर दान पाठवीत होते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ ह्यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते ह्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू निघाल्या, आणि त्यांत एक हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती होती.

ह्या मूर्तीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इटलीत पाँपेई नावाचे शहर होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखाली ते सबंध गाडले गेले. १९३८ साली तिथे खणताना भारतात घडवलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अंगभर दागिने ल्यालेली बाई आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान दासी. ती कुठे घडली असावी ह्याचा विद्वान शोध घेत होते. भोकरदनला सापडलेली मूर्ती त्याच घडणीची निघाली, आणि ह्या बाजूचे कारागीर समुद्रापलीकडच्या बाजारासाठी हस्तिदंत कोरीत असावेत ह्या तर्काला बळ आले. आपण ज्या वाटेने बाजाराला जातो त्या वाटेच्या खाली ही सगळी संपत्ती निजलेली आहे.

संपत्ती म्हटले, आणि तिथेच आमचा खोळंबा झाला. आम्ही वहीत नावे लिहीत असताना दोघे-तिघे गृहस्थ जवळ आले. त्यांनी बराच वेळ लांबून पाहिले होते. एकाने विचारले, “ताई, गुप्तधन शोधता काय?” आम्ही डबा उघडून दाखवला, वही दाखवली, तरी त्यांची शंका फिटेना. डबा सापडल्यावर परत का ठेवता, हे त्यांना उमगत नव्हते.

भगिनींनो, त्या गृहस्थांना मी हसले नाही, आपणही हसू नये. गुप्तधनाचा नाद आपल्या भागात किती घरे खाऊन बसला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी मांत्रिक येतो, अमावास्या सांगतो, लिंबू-नारळ सांगतो, आणि रात्रीतून एखाद्या देवळाचा उंबरा, एखाद्या बारवेची पायरी, एखाद्या गढीचा पाया उखडला जातो. कधी तर ह्या नादात जिवंत माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल जाते, आणि तो बळी बहुधा बाईचा नाहीतर लेकराचा असतो. म्हणून तर महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, आणि धनाच्या शोधासाठी केलेले असले अघोरी प्रकार त्यात गुन्हा ठरवले. शिवाय १८७८ सालापासूनचा कायदा असा आहे की, जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. हे बायकांना ठाऊक असावे, कारण घरातला पुरुष ह्या नादी लागला की आधी बाईच्या अंगावरचे दागिने जातात.

जो खणतो त्याच्या हाती बहुधा खापरेच येतात. पण खणताना त्याने मातीचे थर उलटेपालटे केलेले असतात, आणि मग जाणत्या माणसालाही ती जागा काही सांगू शकत नाही. ती हस्तिदंती मूर्ती कोण्या मांत्रिकाच्या खड्ड्यातून निघाली असती तर ती सराफाकडे गेली असती, आणि पाँपेईशी आपले नाते कधी जुळलेच नसते. आमचा खेळ ह्याच्या नेमका उलट आहे. सापडलेली गोष्ट जागची हलवावयाची नाही. जे पाहिले ते वहीत लिहावयाचे. हे त्या मंडळींना सांगितले तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, “मग आमचंबी नाव लिहा की!” लिहिले. आणि नदीकाठचे खडकात कोरलेले जुने लेणे दाखवावयास तेच पुढे झाले.

दुसरा डबा त्या लेण्यापासून मुद्दाम दूर ठेवला होता, कारण संरक्षित वास्तूत अशी वस्तू ठेवू नये. तो लगेच मिळाला, म्हणून त्याविषयी बोलत नाही. तिथून आम्ही केळणेच्या कडेने पूर्वेकडे असईच्या दिशेला गेलो. गाडी सोडून शेवटचा पल्ला पायी केला. एका बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या, दुसऱ्या बाजूला ज्वारी पोटरीत आलेली, आणि मध्ये नदीची खोल, कापल्यासारखी दरड. तिसऱ्या डब्यातला प्रश्न असा होता : “नदीच्या ह्या काठाला एक गाव, समोरच्या काठाला दुसरे गाव. पूल नाही, नाव नाही. नदी ओलांडता येते हे न विचारता कसे ओळखाल?”

हा प्रश्न मुलींनी उगीच घातला नव्हता. त्यात आपल्या जिल्ह्याचा एक मोठा दिवस आहे. तो दिवस २३ सप्टेंबर १८०३.

त्या वर्षी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले ह्यांचे सैन्य केळणेच्या उत्तर काठावर, भोकरदनपासून असईपर्यंत, कोसच्या कोस पसरले होते. इंग्रजांचे दोन सरदार, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन, २१ सप्टेंबरला आपल्या बदनापूरला भेटले. दोन वाटांनी निघून २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करावा असे ठरले. पण वेलस्लीला एक दिवस आधीच मराठ्यांची छावणी समोर दिसली. त्याच्याजवळ पायदळ आणि घोडदळ मिळून साडेचार हजारांच्या आसपास कवायती शिपाई, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे काही स्वार. समोर शिंद्यांच्या दहा हजारांहून अधिक कवायती फौजा, अँथनी पोहलमन ह्या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली. शंभराच्या आसपास तोफा. आणि त्याखेरीज हजारो स्वार. मध्ये केळणा, सप्टेंबरातली, उंच दरडींची.

वाटाड्यांनी सांगितले की, मराठ्यांचा पहारा असलेली जागा सोडली तर नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला पूर्वेकडे ह्या काठावर पिंपळगाव आणि त्या काठावर वरूड अशी दोन गावे समोरासमोर दिसली. त्याने मनाशी म्हटले की, एकमेकांच्या एवढ्या जवळ दोन गावे वसली आहेत, तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. माणसे पाठवून पाहिले, उतार होता. त्या उतारानेच त्याने सैन्य पार नेले आणि मराठ्यांच्या बगलेवर, केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात उभे केले. संध्याकाळपर्यंत असईची लढाई संपली होती.

डब्यातल्या प्रश्नावर आमच्यातल्या कोणी दगड पाहिले, कोणी पाण्याचा रंग पाहिला. इतक्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. तिला विचारले, “आजी, इथून पलीकडं जाता येतं का हो?” ती म्हणाली, “न जायला काय झालं? माझी नणंद पलीकडंच दिलीया की. पंचमीला ती इकडं, दिवाळीला आम्ही तिकडं.”

मैत्रिणींनो, उत्तर हेच होते. जिथे सोयरीक तिथे वाट. वेलस्लीला जे दुर्बिणीतून तर्काने काढावे लागले ते ह्या नदीच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक सासुरवाशिणीला पाठ असणार. कोणत्या दगडावर पाय द्यावा, कोणत्या महिन्यात पाणी गुडघ्याएवढे आणि कोणत्या महिन्यात कमरेएवढे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असेल? इतिहासाच्या पुस्तकात तो उतार वेलस्लीने शोधला असे येते. पण तो उतार चालून चालून पाडला कोणी? माहेरी निघालेल्या बायांनी, बाजाराला निघालेल्या बायांनी, धुणे घेऊन आलेल्या बायांनी. त्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत.

नावांची गोष्ट निघाली म्हणून पुढचेही सांगते. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूची १५८४ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. हा आकडा इतका नेमका सांगता येतो, कारण त्यांनी तो लिहून ठेवला. त्यांत मद्रासकडचे आपले देशी शिपाईही पुष्कळ होते. आपल्या बाजूच्या हानीचा आकडा अंदाजाने सांगतात, सुमारे सहा हजार. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी कापले जाईपर्यंत हटले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून मागून पुन्हा तोफा डागू लागले. हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. ७४ व्या हायलँडर पलटणीची त्या दिवशी धूळधाण झाली. तिला पुढे असईच्या नावाचे खास निशाण आणि हत्तीचे चिन्ह मिळाले, आणि तिकडे स्कॉटलंडात ते नाव अभिमानाने सांगतात. आमच्या गोलंदाजांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय?

आणखी एक गोष्ट खास बायकांसाठी. शिंद्यांच्या फौजेत त्या दिवशी उत्तरेकडच्या सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी होत्या. एक बाई, स्वतःची जहागीर आणि स्वतःची फौज राखणारी! तिच्या पलटणी सामानसुमानाच्या रक्षणाला ठेवल्या होत्या आणि त्या बऱ्याचशा शाबूत बाहेर पडल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, १७ तारखेला देवगावला भोसल्यांनी आणि ३० तारखेला सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी तह केले, आणि दख्खनचे पारडे फिरले.

हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण म्हातारपणी त्याला विचारले की, लढाईत आपण केलेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले. आणि त्याच्या म्हातारपणची दुसरी आठवण आमच्या खेळाला फार जवळची आहे. क्रोकर नावाच्या मित्राबरोबर इंग्लंडच्या रस्त्यांनी प्रवास करताना, समोरच्या टेकडीपलीकडे कसा मुलूख असेल ह्याचे अंदाज बांधण्याचा खेळ तो खेळे. क्रोकरला त्याचे अंदाज इतके अचूक येताना पाहून आश्चर्य वाटले. तेव्हा ड्यूक म्हणाला की, टेकडीच्या पलीकडे काय असेल ह्याचा अंदाज करण्यातच माझा सारा जन्म गेला आहे. त्या विद्येचा एक धडा तो आपल्या केळणेच्या काठी शिकला होता.

चौथा डबा असईच्या अलीकडे, एका विहिरीच्या थारोळ्याआड होता. त्यात प्रश्न नव्हता, फक्त कोरी वही होती आणि वर लिहिले होते : “ह्या जागेविषयी तुम्हांला जे ठाऊक आहे ते लिहा.” अकरा जणींपैकी नऊ जणी पेन्सिल हातात घेऊन नुसत्या बसल्या. आपण शिकलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या; वॉटर्लू शाळेत शिकलेल्या. पण असईवर लिहावयास आपल्यापाशी चार ओळी नव्हत्या. लिहिले कोणी? शेजारच्या शेतात तूर सोंगणाऱ्या बाया आल्या, त्यांनी सांगितले आणि आमच्या मुलींनी लिहून घेतले. ह्या तुकड्याचे नाव काय, तो बांध कोणाच्या नावाचा, कोणत्या ओढ्याला कधी पूर आला, कोणत्या झाडाखाली आसरांची पूजा होते. दीड तासात आठ पाने भरली.

ही आठ पानेच आजच्या माझ्या बोलण्याचे कारण आहेत. आता शेतात नवे रस्ते होत आहेत, तळी होत आहेत, गावे वाढत आहेत. ते व्हावयासच हवे. पण नव्या नकाशात शेताला गट नंबर असतो, नाव नसते. पूल झाला की उतार कोणी लक्षात ठेवीत नाही. नळ आला की बारवेची पायरी कोणी उतरत नाही, आणि जिला त्या बारवेची गोष्ट ठाऊक आहे ती आजी आज ऐंशीच्या घरात आहे. तिला लिहिता येत नसेल, पण तुम्हां-आम्हांला येते. तिच्यानंतर ते ज्ञान कोणत्या दुर्बिणीतून दिसणार आहे?

इंग्लंडात आपल्यासारखीच खेड्यापाड्यांतली महिला मंडळे आहेत. त्यांना विमेन्स इन्स्टिट्यूट म्हणतात. त्यांपैकी पहिले १९१५ साली वेल्समध्ये निघाले. १९६५ साली संस्थेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या मंडळांना सांगितले की, आपापल्या गावाची एक चिकटवही करा. शेतात काय पिकते, दुकानात काय मिळते, बायका काय नेसतात, कोणती वाट कुठे जाते, सगळे तीत लिहा. त्या गृहिणींनी केलेल्या वह्या आज तिकडच्या दफ्तरखान्यांत जपून ठेवलेल्या आहेत, आणि इतिहासाचे अभ्यासक त्या पाहावयास येतात. त्यांत एकही इतिहासाची पंडिता असावी लागली नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक भगिनीने एका जागेविषयी दोन पाने लिहावीत. माहेरची असो, सासरची असो. एखादा उतार, एखादी बारव, पांढरीचे टेकाड, म्हसोबाचा दगड, बाजाराची जुनी वाट. तिथे स्वतः चालत जावे, फोनमधले आकडे लिहून घ्यावेत, आणि निदान एका म्हाताऱ्या माणसाशी बोलावे. जे कळले ते, कोणी सांगितले त्याच्या नावासह लिहावे. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी सांगावे, मुली लिहून घेतील. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जांब समर्थ आहे, जिथे रामदासस्वामींचा जन्म झाला. अंबड आहे, मत्स्योदरी देवीचे. प्रत्येक ठिकाणी आपल्यापैकी कोणाचे ना कोणाचे माहेर आहेच. म्हणजे वाटाड्या शोधावयास नको.

जाताना काही पथ्ये पाळावीत. एकटीने जाऊ नये, तिघी-चौघींनी मिळून जावे. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. दगडाच्या फटीत आणि ढोलीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे, कारण डब्याआधी तिथे साप राहावयास आलेला असू शकतो. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरू नये. पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. मणी, नाणे किंवा मूर्तीचा तुकडा दिसला तर उचलून घरी आणू नये. फोटो काढावा, जागा लिहावी आणि तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. आणि कोणी गुप्तधनाचे विचारलेच, तर त्याला वही दाखवावी व त्याचेही नाव लिहून घ्यावे.

जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. त्या सोन्याचा हिशेब व्यापाऱ्यांनी आपापल्या चोपड्यांत ठेवला असेल. आपण आपल्या वाटांचा हिशेब ठेवू. मंडळाच्या कपाटातला एक खण त्यासाठी मोकळा करून देण्याचे अध्यक्षबाईंनी कबूल केले आहे, आणि असईच्या त्या आठ पानांची वही आज मी त्यांच्या स्वाधीन करीत आहे. ती चाळावी, तीत भर घालावी, चुकले असेल तिथे दुरुस्त करावे. पुढची सहल अंबडची ठरली आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे.